छप्पर आणि भूमी : आदिलाबाद जिल्ह्यातील निवाऱ्याच्या प्रश्नाचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

संयुक्त राष्ट्रसंघाने १९८७ हे वर्ष बेघरांच्या निवाऱ्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्या वर्षाच्या अखेरीस रोममधील न्याय व शांती आयोगाने निवाऱ्याच्या प्रश्नावर एक निवेदन प्रसिद्ध केले. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात परमेश्वराने काइनाला त्याच्या भावाविषयी जो प्रश्न विचारला, त्याचाच प्रतिध्वनी त्या निवेदनाच्या शीर्षकात आहे. फरक एवढाच, की येथे तो भाऊ बेघर आहे. बेघरपणा हे एकेकट्या माणसाचे दुर्दैव नसून समाजाच्या रचनेतील अन्याय आहे, हा त्या निवेदनाचा मुख्य रोख होता.

परंतु बेघर कोणास म्हणावे? आपल्या देशाच्या जनगणनेत जो रस्त्याच्या कडेला, फलाटावर, पुलाखाली वा मंदिराच्या मंडपात राहतो त्यास बेघर गणले जाते. २०११ च्या जनगणनेत अशा लोकांची संख्या सुमारे १७ लाख ७३ हजार भरली. ही व्याख्या हाती घेऊन आदिलाबादच्या डोंगराळ भागात कोणी गेला, तर त्यास बेघर माणूस क्वचितच आढळेल. गोंडांच्या गुड्यात आणि कोलामांच्या पोडात प्रत्येक कुटुंबास कुडाची का होईना, झोपडी आहे. मग या जिल्ह्यात बेघरपणाचा प्रश्न नाही, असे म्हणावे काय?

आमचे उत्तर नकारार्थी आहे. ज्या झोपडीतून एखाद्या सकाळी सरकारी शिपाई येऊन आपणांस उठवू शकतो, आणि ज्या भूमीवर आपला अधिकार कोणत्याही दप्तरात नोंदलेला नाही, तेथे राहणारा मनुष्य छपराखाली असूनही बेघरच असतो. गेल्या शंभर वर्षांत शासनाने या जिल्ह्यात पुष्कळांना बेघर केले आणि पुष्कळांना घरेही दिली. या दोन्ही गोष्टी कशा घडल्या, हे क्रमाने पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. आदिलाबादचा धर्मप्रांत १९९९ साली आपल्या चांदा धर्मप्रांतातूनच वेगळा झाला. त्या भागात मराठी बोलणारी गावेही पुष्कळ आहेत. म्हणून हा इतिहास आपणांस परका नाही.

२. रेषेने केलेले बेघर

आदिलाबाद हा पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानातील जिल्हा. तेथील गोंड, कोलाम, परधान, नायकपोड व तोटी या जमातींचे जीवन एका जागी खिळलेले नव्हते. जमिनीचा कस गेला, रोगराई आली किंवा गावचा मुखिया वारला, की गाव उठे आणि जवळच दुसऱ्या ठिकाणी वसे. कोलाम तर डोंगरमाथ्यावर झाडे तोडून, राब जाळून शेती करीत आणि काही वर्षांनी पुढे सरकत. हे हिंडणे बेघरपणाचे लक्षण नव्हते. घर हलत असे. परंतु आपला मुलूख कोणता, आपल्या कुळाचे देवस्थान कोठे आणि आपले पूर्वज कोठे पुरले आहेत, हे प्रत्येकास ठाऊक असे. झोपडी तात्पुरती होती, भूमी कायम होती.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही स्थिती पालटली. १९२९ साली काझीपेठ ते बल्लारशा हा लोहमार्ग पूर्ण झाला. सागवानास भाव आला, बाहेरचे शेतकरी, व्यापारी व सावकार येऊ लागले. संस्थानच्या वनखात्याने राखीव जंगलाच्या सीमा आखल्या, आणि त्या आखताना पुष्कळ गावांभोवती रेषा इतक्या जवळून नेल्या की पडीक टाकलेली शेते जंगलात गेली. काही वस्त्या तर सबंधच रेषेच्या आत सापडल्या. काल जो रहिवासी होता तो आज अतिक्रमक ठरला. तो आपल्या जागेवरून हलला नव्हता. नकाशावरील रेषा हलली होती.

याचा परिणाम १९४० साली दिसून आला. असिफाबादजवळच्या डोंगरात बाबेझरी व जोडेघाट या परिसरातील गोंड व कोलामांच्या वस्त्या बेकायदा ठरवून वनखात्याच्या माणसांनी जाळल्या होत्या. कोमराम भीम या गोंड तरुणाच्या नेतृत्वाखाली लोक जमले, जोडेघाटावर ठाण मांडून बसले, आणि पोलिसांच्या गोळीबारात भीम व त्याचे सोबती मारले गेले. आज भीमाचा पुतळा जागोजाग उभा आहे आणि २०१६ पासून एका जिल्ह्यास त्याचे नाव आहे. परंतु तो उठाव झोपड्या जाळण्यावरून पेटला, ही गोष्ट जयघोषात मागे पडते. सत्तेच्या लोभापेक्षा आपल्या जागी राहू द्यावे, ही त्या लोकांची मागणी होती.

३. पट्ट्याचा काळ

या रक्तपातानंतर निजाम सरकारास जाग आली. क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ त्या काळी संस्थानातील जमातींचा अभ्यास करीत होते. सरकारने त्यांच्याकडून गोंडांच्या असंतोषाची कारणे जाणून घेतली आणि पुढे १९४५ साली त्यांस आदिवासींच्या बाबतीत आपले सल्लागार नेमले. त्यांचे सांगणे थोडक्यात असे होते, की या लोकांस दानधर्म नको. ते कसतात त्या जमिनीचा लेखी हक्क द्यावा आणि त्यांच्या भाषेत शिक्षण द्यावे. १९४३ साली मारलवाई या गोंड गावी शिक्षकांसाठी केंद्र सुरू झाले. हायमेनडॉर्फ व त्यांच्या पत्नी बेटी यांची समाधी आज त्याच गावी आहे.

या कार्यात आपल्या एका मराठी विद्वानाचा वाटा मोठा होता. इतिहासकार म्हणून महाराष्ट्रास परिचित असलेले सेतुमाधवराव पगडी त्या वेळी हैदराबादच्या मुलकी सेवेत होते. आदिवासींच्या कामासाठी नेमणूक झाल्यावर त्यांनी गोंडी व कोलामी या भाषा आत्मसात केल्या आणि आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ज्या अधिकाऱ्यास दुभाष्याशिवाय तक्रार ऐकता येते, त्यास पटवाऱ्याने दडवलेली गोष्ट कळण्याची शक्यता अधिक असते. आपल्या धर्मशिक्षकांनी हे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

हायमेनडॉर्फ यांनी दिलेल्या हिशेबानुसार १९४९ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात सुमारे १,६०,००० एकर जमीन ११,००० हून अधिक आदिवासींच्या नावे पट्ट्याने करून देण्यात आली. घरे बांधणे हा या योजनेचा गाभा नव्हता. शासनाने भूमी दिली आणि घर बांधण्याचे काम लोकांवर सोपवले. ज्यांस आपण उद्याही येथेच असू अशी खात्री झाली, त्यांनी मजबूत सागाच्या खांबांवर घरे उभारली, गोठे बांधले, विहिरी खणल्या, आंब्याची झाडे लावली. जो मनुष्य उद्या हाकलला जाणार, तो आंबा लावीत नाही. या इतिहासातून निघणारा पहिला निष्कर्ष हा, की भूमीचा हक्क मिळाला तर घर मागोमाग येते. याच्या उलट क्रमाने काय होते, ते पुढे पाहू.

४. पट्टे गेले

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्याचे विभाजन झाले. किनवट व राजुरा हे भाग तेव्हाच्या मुंबई राज्यात आले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. आदिवासींची जमीन बिगर आदिवासींकडे जाऊ नये म्हणून आंध्रने १९५९ साली विनियम केला. तो तेलंगणास १९६३ साली लागू झाला आणि १९७० साली अधिक कडक करण्यात आला. कायदा चांगला होता, पण कायद्याच्या आधीच रस्ते पोहोचले होते. किनाऱ्याकडील आंध्रातून, आणि हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की आपल्या महाराष्ट्रातूनही, शेतकरी व व्यापारी येत राहिले. मिठाच्या व कापडाच्या उधारीत एकरामागून एकर जमीन गेली. पट्टा गोंडाच्या नावावर आणि नांगर दुसऱ्याचा, असे दृश्य सामान्य झाले.

१९७६ च्या दुरुस्तीने तेलंगणातील लंबाडा, म्हणजे बंजारा, समाजाचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. महाराष्ट्रात तो समाज त्या यादीत नाही. त्यामुळे सीमेपलीकडून येणाऱ्यांचा ओघ वाढला. लंबाडांसही तांड्यांवर भूमिहीन दारिद्र्य भोगावे लागले होते, हे विसरून चालणार नाही. परंतु एका दरिद्र्याची सोय दुसऱ्या दरिद्र्याच्या पानातील घास काढून झाली आणि दोघांत वैर आले. ते वैर अद्याप शमलेले नाही.

२० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे आठवडी बाजाराच्या दिवशी, जमिनीच्या मागणीसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा आहे. मृतांची संख्या याहून पुष्कळ मोठी होती असे लोक सांगतात. जोडेघाट व इंद्रवेल्ली यांत ४१ वर्षांचे अंतर आहे. या काळात संस्थान गेले, स्वराज्य आले; प्रश्न मात्र तोच राहिला.

५. घरकुलांचा काळ

येथून पुढे शासनाच्या धोरणास निराळे वळण लागलेले दिसते. जमीन वाटणे कठीण होत गेले, तसे घर वाटणे सोपे वाटू लागले. आंध्र प्रदेशात १९७९ साली गृहनिर्माण महामंडळ स्थापन झाले. १९८३ नंतर रामाराव यांच्या शासनाने दुर्बल घटकांसाठी पक्क्या घरांचा कार्यक्रम हाती घेतला. १९८५ साली केंद्राची इंदिरा आवास योजना आली व १९९६ साली ती स्वतंत्र योजना झाली. २००६ साली आंध्रात इंदिरम्मा योजना, तेलंगण राज्य झाल्यावर २०१५ पासून दोन शयनगृहांची घरे, २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना, २०२३ साली कोलाम व तोटी यांच्यासारख्या विशेष दुर्बल जमातींसाठी केंद्राचे जनमन अभियान, आणि २०२४ साली पाच लाख रुपये साहाय्याची नवी इंदिरम्मा योजना, अशी ही मालिका आहे.

या योजनांचे ऋण अमान्य करणे कृतघ्नपणाचे होईल. पावसात गळणाऱ्या कुडाच्या जागी विटांची भिंत आली, पुष्कळ ठिकाणी घर स्त्रीच्या नावावर झाले. ही लहान गोष्ट नव्हे. तरीही दोन दोष सतत आढळतात.

पहिला दोष असा, की घर मिळण्यासाठी सामान्यतः जागा स्वतःची असावी लागते. केंद्राच्या नियमांत भूमिहीनास राज्याने जागा द्यावी असे म्हटले आहे खरे. परंतु ज्याचा पोड राखीव जंगलात आहे, त्याची जागा नियमित करणे महसूल खात्याच्या हाती नसते आणि वनखात्याच्या मनात नसते. म्हणून ज्याच्यापाशी सातबारा वा पट्टा आहे त्यास घर मिळते, आणि ज्यास घराची सर्वांत अधिक गरज आहे तो यादीच्या बाहेर राहतो.

दुसरा दोष घराच्या कल्पनेतच आहे. कचेरीस घर म्हणजे एक खोली, एक ओटा व एक क्रमांक. गोंडास घर म्हणजे गोठा, कणगी, उखळ, परसातील मका, आणि कुळाच्या दैवताकडे जाणारी वाट. शेतापासून दूर, रस्त्याच्या कडेला ओळीने बांधलेल्या वसाहतीत आम्ही अशी घरे पाहिली आहेत, की ज्यांत कापूस व सरपण ठेवले आहे आणि कुटुंब शेजारी कुडाच्या खोपटात राहते. अधिकारी त्यास अडाणीपणा म्हणतात. आमच्या मते तो, घर कशास म्हणावे याविषयीचा मतभेद आहे.

सीमेवरील चौदा गावांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात मुकदमगुडा, महाराजगुडा, परमडोली इत्यादी गावांवर महाराष्ट्र व तेलंगण या दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला आहे. वर्षानुवर्षे तेथील लोकांपाशी दोन शिधापत्रिका, दोन मतदारयाद्यांत नावे, गावात दोन राज्यांच्या शाळा, आणि दोन्हीकडच्या योजनांचे लाभ. तरीही त्यांची पिढ्यानुपिढ्यांची तक्रार एकच आहे : कसतो त्या जमिनीचा पट्टा नाही. दोन शासनांनी मिळून सर्व काही दिले, आणि जे एकाने दिले असते तरी पुरले असते, ते दिले नाही.

६. जंगलाचा आक्षेप

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. प्रत्येकास पट्टा देत गेल्यास जंगल उरणार कोठे? कव्वालचे अभयारण्य १९६५ साली झाले, २०१२ साली तेथे व्याघ्रप्रकल्प आला. जंगल हीदेखील परमेश्वराची निर्मिती आहे, आणि पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकानंतर हा आक्षेप आपण हलका मानू शकत नाही.

तथापि त्याच परिपत्रकात मूळ रहिवाशांच्या समाजांविषयी व निवाऱ्याच्या अभावाविषयीही आस्थेने लिहिले आहे, हे लक्षात घ्यावे. २००६ चा वनहक्क कायदा हाच तोल साधू पाहतो. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जे आदिवासी वनभूमीवर राहतात वा ती कसतात, त्यांचा निवासासाठी व शेतीसाठी असलेला हक्क तो मान्य करतो, आणि त्यापुढील अतिक्रमणास मान्यता देत नाही. म्हणजे कायद्याने राहण्याची जागा हाही वनहक्कच मानला आहे. ३० जून २०२३ रोजी असिफाबाद येथून तेलंगण शासनाने पोडू जमिनीचे पट्टे वाटण्यास आरंभ केला; राज्यभरात सुमारे चार लाख एकर जमीन व दीड लाख आदिवासी, असा तो कार्यक्रम होता. परंतु त्याच्या चारच वर्षे आधी, जून २०१९ मध्ये, त्याच जिल्ह्यातील कोलामगोंदी येथील कोलाम कुटुंबांस वनखात्याने उठवून लाकडाच्या आगारात नेऊन ठेवले होते, आणि उच्च न्यायालयाने तातडीने सुनावणी घेतली तेव्हा कोठे त्यांची तेथून सुटका झाली. एका हाताने पट्टा आणि दुसऱ्या हाताने हकालपट्टी, असा हा कारभार आहे.

बिगर आदिवासी गरिबांचा प्रश्न याहून अवघड आहे. अनुसूचित क्षेत्रात दोन पिढ्या राबणाऱ्या मराठी दलित कुटुंबास १९७० च्या विनियमामुळे तेथे जमीन घेता येत नाही, आणि वनहक्क कायद्यात त्यास तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, निवास सिद्ध करावा लागतो. १९७० चा विनियम मोडावा असे आम्ही कदापि म्हणणार नाही. तो गोंडांचे शेवटचे कुंपण आहे. परंतु अशा कुटुंबांस अनुसूचित क्षेत्राबाहेर भूमी देण्याचे दायित्व शासनाचे आहे, आणि ते आजवर नीट पार पडलेले नाही.

७. पवित्र शास्त्राचा प्रकाश

लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात भूमीविषयीचा मूलभूत सिद्धांत आहे. भूमी परमेश्वराची आहे व मनुष्य तिच्यावरील पाहुणा आहे. म्हणूनच ती कोणाकडून कायमची हिरावून घेता येत नाही. पहिल्या राजे या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायातील नाबोथाचा प्रसंग धर्मशिक्षकांनी पुष्कळदा शिकवला असेल. अहाब राजाने नाबोथास त्याच्या मळ्याच्या बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख मोल देऊ केले होते. आजच्या भाषेत सांगायचे तर ते उत्तम पुनर्वसन होते. नाबोथाने ते नाकारले, कारण ती वाडवडिलांची भूमी होती. आणि पुढे जे घडले ते रीतसर, कागदोपत्री, राजाच्या शिक्क्यानिशी घडले, हे शास्त्रलेखकाने मुद्दाम नोंदले आहे.

यशयाच्या पासष्टाव्या अध्यायात नव्या सृष्टीचे जे चित्र आहे, त्यात लोक स्वतः घरे बांधतात व स्वतःच त्यांत राहतात. स्वतः मळे लावतात व स्वतःच फळ खातात. संदेष्ट्याच्या दृष्टीने तारण म्हणजे कोणी आयते घर देणे नव्हे. आपण बांधलेल्या घरातून आपणांस कोणी उठवणार नाही, ही शाश्वती होय. आणि लूकलिखित शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात प्रभू येशू स्वतःस डोके टेकण्यास ठाव नसलेल्यांत गणतो. जो आपल्यात वस्तीस आला, त्यासच वस्ती मिळाली नाही.

८. आपले स्वतःचे घर

शासनास दोष देऊन येथे थांबलो तर हा लेख प्रामाणिक ठरणार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका मिशन केंद्राचा कारभार होता. तेथील धर्मशिक्षक सव्वीस वर्षे मिशनच्या आवारातील दोन खोल्यांत राहिले, तेथेच त्यांची मुले वाढली, आणि तेथेच ते वारले. नव्या धर्मशिक्षकास जागा हवी होती. त्यांच्या विधवेस तीन महिन्यांत जागा सोडण्याविषयी पत्र गेले. त्यावर सही आमची होती. नियमाप्रमाणे त्यात काहीही चूक नव्हती. निघण्याच्या दिवशी किल्ली देताना ती बाई म्हणाली, "फादर, घर मिशनचं होतं, ते मला माहीत होतं. पण माझ्या पोरांनी आता आपलं गाव कोणतं सांगायचं?" आम्हांपाशी उत्तर नव्हते. वनखात्याविषयी लिहिताना ती किल्ली आमच्या हातात आहे, याची जाणीव आम्हांस होती.

म्हणून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, मिशनच्या जागेवर दीर्घकाळ राहिलेल्या धर्मशिक्षकांच्या व सेवकांच्या कुटुंबांस, सेवा चालू असतानाच, इतरत्र स्वतःच्या नावे लहानसा भूखंड मिळवून देण्याची व्यवस्था प्रत्येक धर्मप्रांताने करावी. दुसरी, आपण एखाद्या दात्याच्या पैशाने घरे बांधतो तेव्हा पायाभरणीपूर्वी एक प्रश्न विचारावा : भूमी कोणाच्या नावे आहे?

तिसरी गोष्ट थेट धर्मशिक्षकांच्या हातची आहे. वनहक्काचा दावा ग्रामसभेपुढे मांडायचा असतो, आणि नियमांनुसार पुरावा म्हणून केवळ सरकारी कागदच लागतो असे नाही. गावातील वृद्धाचे लिहून घेतलेले निवेदन, जुन्या घराच्या व विहिरीच्या खुणा, दफनभूमी, देवस्थान हेही पुरावेच आहेत. धर्मशिक्षकास लिहिता येते, तो प्रत्येक पोडात जातो, म्हातारी माणसे त्याच्यापाशी बोलतात. त्याने ते बोलणे तारीख घालून लिहून ठेवावे. हे कार्य ख्रिस्ती कुटुंबापुरते ठेवू नये, आणि त्याचा संबंध बाप्तिस्म्याशी तर कधीही जोडू नये. नाहीतर तोही एक सौदाच होईल.

जोडेघाटच्या लोकांनी जी मागणी केली होती, तीच मागणी त्या विधवेच्या प्रश्नात होती. दोघांसही छपराहून अधिक काही हवे होते. शासनाने ते द्यावे असा आग्रह आपण अवश्य धरावा. परंतु ज्या थोड्या भूमीचे विश्वस्त आपण स्वतः आहोत, तिच्यापासून आरंभ करावा.